रंभाबाईची खराद

मुलाला कसलंही व्यसन नाही, असं आमचं लग्न ठरवताना माझ्या वडिलांना सांगण्यात आलं होतं. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा दिला तर घेतो. लेथबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

लेथ म्हणजे लोखंड फिरवून कापायचं यंत्र. तुकडा गरगर फिरतो, त्याला हत्यार लावायचं आणि साल काढत काढत हवा तसा गोल घडवायचा. तरुणपणी आमचे हे काही महिने भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला होते, तिथे या यंत्राशी त्यांचं जुळलं. मास्तरकीच्या घरातला मुलगा काळे हात करून घेतो हे काही सासऱ्यांना पटेना. त्यांनी ओढून आणलं आणि शाळेत चिकटवलं. तेव्हापासून आमचा अख्खा इतवारा मोहल्ला यांना विनायक मास्तर म्हणून ओळखतो. पण रोज संध्याकाळी शाळेतून आले की हे पाटी घेऊन बसायचे आणि तिच्यावर वाफेचं एक इंजिन काढायचे. वीतभर उंचीचं, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं. जेवायची वेळ झाली की पुसून टाकायचे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे पाटी त्यांचीच असायची.

मला या इंजिनाचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग इंजिनाचा नव्हता. त्या पाटीकडे बघताना यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते माझ्याकडे बघताना कधी दिसलं नाही, याचा होता. लोखंडाची सवत असते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता हसू यायचं नाही.

ही गोष्ट प्रांत मोडून नवे झाले त्या हिवाळ्यातली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही भोपाळकडे. माझं माहेर अकोल्याला, म्हणजे तेही परराज्यात गेलं. शाळेतले दोन जुने मास्तर बदली मागून वऱ्हाडात निघून गेले. आपणही जाऊ, मी म्हटलं. हे म्हणाले, बघू. यांचं 'बघू' म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं.

त्या दिवसांत एकदा बाजारात कौतिक भेटला. बहादरपूरचा केळीवाला शेतकरी, बोलायला फटकळ, मनाने वाईट नाही. यांचं लेथचं वेड त्याला ठाऊक होतं.

"मास्तर, तुम्ही खराद खराद करता ना," तो म्हणाला. आमच्याकडे लेथला खरादच म्हणतात. "जैनाबादले माह्या भावाची पडेल हाय. मी भंगारवाल्याले सांगून ठेवलं, घन मारून तुकडे करून नेईल. पन भावजई अडून बसली. म्हनते, जानकार मानसानं पाहून सांगू द्या की मेली, मंग न्या. तुम्ही येऊन तेवढं सांगून द्या."

"भाऊ कुठे आहे?" मी विचारलं.

"देवराम? देश आजाद झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मुंबईले गेला. खरादीचं दाताचं चाक तुटलं व्हतं, ते आनाले. गेला तो गेला." कौतिकने केळीचा घड या हातातून त्या हातात घेतला. "आमी दोनदा जाऊन शोधलं. भावजई कुंकू पुसत नाही. म्हनते, चाक भेटलं नसंल."

हे बाकीचं ऐकतच नव्हते. "किती लांबीचा आहे?" त्यांनी विचारलं.

रविवारी मीही बरोबर निघाले. यांना सौदा करता येत नाही. भाजीवाली चार आणे म्हणाली तर हे चार आणे देऊन वर आभार मानतात. शिवाय आमच्या दोन खोल्यांत ते धूड कुठे बसणार, हे विचारायला कुणीतरी शुद्धीवर असायला हवं होतं. तापी नावेतून ओलांडताना बरोबर आलेला कौतिक त्या लेथबद्दल सांगत होता आणि हे ऐकत होते. हात मांडीवर ठेवले होते आणि बोटं आपली आपणच चाळवत होती.

कौतिकच्या भावजयीचं, रंभाबाईचं घर जैनाबादच्या कडेला होतं. समोर ओसरी आणि ओसरीवर तो लेथ, लुगड्याखाली झाकलेला. रंभाबाई माझ्याच वयाची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर बांगड्या. तिने यांना पाट दिला, पाणी दिलं आणि स्वतः खांबाला धरून उभी राहिली.

"पाहा मास्तर," ती म्हणाली. "पन खरं सांगजा. देवर म्हनतो मेली. मेली असंल तं मी आडवी नाही येनार. पन ते आल्यावर तिच्यावर काम करू शकतीन का, तेवढं सांगा."

तिला पैसे नकोच होते. तिला हे एक उत्तर हवं होतं. कौतिकला ओसरी मोकळी करून हवी होती, आणि आमच्या यांना तर काय, सगळंच हवं होतं.

यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. लुगडं बाजूला केलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग जिथे तुकडा पकडतात तो चक दोन्ही हातांनी धरून वर उचलून पाहिला, खाली दाबून पाहिला. तो हलला नाही. हाताने फिरवला, कान जवळ नेला. "बेअरिंग चांगलं आहे," असं स्वतःशीच म्हणाले. खाली पायाने मारायची फळी होती, ती दाबली, तर मोठं चाक कुरकुरत का होईना फिरलं. यांच्या अंगावर काटा आला तो मला दिसला. खोटं कशाला बोलू, त्यांचा आनंद बघून मलाही बरं वाटलं.

मग त्यांनी हत्याराचा गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला. गाडा दोन लोखंडी रुळांवर चालतो, त्या रुळांवर लेथची सगळी किंमत असते, हे मला नंतर समजलं. चकाजवळ गाडा सैल चालत होता आणि पुढे गेल्यावर आवळत होता. हे तिथेच वाकले आणि नखाने रूळ चाचपू लागले.

"यांनी सगळं काम या वीतभर जागेत केलंय," ते म्हणाले. "इथे रूळ झिजलेत. लहान लहान वस्तू करत असावेत."

"कापसाच्या जिनच्या मशिनीचे बुश," रंभाबाई लगेच म्हणाली. "तिथंच उभे राहात. डावा पाय फळीवर." तिने जागा दाखवली. फरशीचा तेवढा भाग गुळगुळीत झाला होता.

चकापासून लांबच्या अर्ध्या भागावर लाल जाड थर होता. हळद, कुंकू, अक्षता, सगळं एकावर एक बसून दगडासारखं झालेलं. हे म्हणाले, "थोडं खरवडू का?" रंभाबाईने मान डोलावली. यांनी खिशातला चाकू काढून अंगठ्याएवढी जागा मोकळी केली. खाली लोखंड तपकिरी होतं आणि त्यात खड्डे पडले होते, देवीच्या वणांसारखे. त्यांनी दुसरीकडे खरवडलं. तिथेही तेच.

"पूजा तुम्ही करता?" त्यांनी विचारलं.

"मंग कोन?" रंभाबाईचा चेहरा फुलला. "आधी ते दसऱ्यालेच करत. मी पाडव्यालेबी करते, दिवाळीलेबी. ते गेल्यापासून एक सन नाही चुकवला."

"नारळ कुठे फोडता?"

"तिच्यावरच. ते उंबऱ्यावर फोडत आन चार थेंब शिंपडत. मी म्हनलं, ते इथं नाहीत, मंग चार थेंबानं कसं भागंल? समदं पानी तिलेच घालते. आन पूजा मोडाची नाही म्हनून हातबी लावत नाही. आपोआप सुकू देते."

यांनी हात मागे घेतला. चाकू मिटला आणि खिशात ठेवला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि लेथमधलं काही न कळणाऱ्या मलाही कळलं. नारळाचं पाणी वर्षानुवर्षं ते लोखंड प्यायलं होतं. हिने इतक्या निगुतीने सांभाळलं नसतं तर ते टिकलं असतं.

"पुराचं पाणी आलं असेल कधी," मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

"पूर उंबऱ्यालेबी लागला नाही कधी, बाई," रंभाबाई म्हणाली. ती यांच्या तोंडाकडे बघत होती. मग पुढे आली, खरवडलेल्या जागेवर तिने बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला गंज उजेडात धरून पाहिला. 

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटी ते मले चिंध्या मांगत," ती हळू आवाजात म्हणाली. "जुन्या लुगड्याच्या. चिमनीतलं घासलेटबी वतून घेत, मी लय बोलत जाऊ त्याइले. मी जात्यावर दयाले बसेल राहू, मले वाटे हात पुसाले पाहिजेत."

पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मी म्हनत व्हतो ना," कौतिक म्हणाला. "मेली ती."

"मेला नाही," हे म्हणाले. आवाज जरा चढला होता. वर्गातसुद्धा यांचा आवाज चढत नाही. "कारखान्याच्या उपयोगाचा राहिलेला नाही, हे खरं. दाताचं चाक नाही म्हणून आटे पाडता येणार नाहीत, आणि लांब दांडा घातला तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघेल. पण चकाजवळ आखूड काम करणाऱ्याला अजून पुष्कळ वर्षं पुरेल."

"मतलब तुमच्यासारख्याले. शौकवाल्याले."

"हो. माझ्यासारख्याला."

"मंग भंगाराच्या भावानं तुम्हीच नेऊन टाका," कौतिक म्हणाला. "गाडी मी देतो. आज उठली तं आजच."

तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात आमचा पलंग उभा करून भिंतीला टेकवला, तांदळाची कोठी स्वयंपाकघरात ढकलली आणि जागा केली. माझं मलाच नवल वाटलं. सगळ्या संसारात जे अडवून धरलं, त्याला मी स्वतः वाट करून देत होते. पण ओसरीवर या माणसाचं जे तोंड मी पाहिलं होतं, ते रोज घरी दिसणार असेल तर मला पलंग नको होता.

"न्या मास्तर," रंभाबाई म्हणाली. "माह्यानं आता पाहावत नाही तिच्याकडं. ते आले आन तिले अशी पाहिली तं मी काय तोंड दाखवू? ती घरातच नसंल तं म्हनतीन, इकली. ते बरं. इकली म्हनून रागावतीन, तेवढंच."

हे लेथकडे पाहत होते. एक हात चकावर होता. तो हात त्यांनी काढला नाही. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील. मी कोट त्यांच्यापुढे धरलासुद्धा.

"नेता यायचा नाही," हे म्हणाले.

"काऊन?" कौतिकने विचारलं.

"जागेवर बसलेला आहे. बैलगाडीत हलवला तर रुळांचा बेड पिळवटेल. मग वीतभर कामही सरळ निघायचं नाही. इथेच साफ करावा लागेल. मी रविवारी येत जाईन. ओसरीचं भाडं देईन तुम्हाला."

लग्नानंतर मी यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली थाप. देवरामने हाच लेथ जिनमधून बैलगाडीत घालूनच आणला होता, हे कौतिकने आम्हाला येताना नावेत सांगितलं होतं. कौतिकलाही ते आठवलं असणार. तो यांच्याकडे बघत राहिला, मग भावजयीकडे त्याने पाहिलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"भाडंबिडं राहू द्या," तो म्हणाला. "पन केयीचे घड आले तं ओसरीचा तो कोना माह्या."

परतताना नावेत मी भांडले. का नाही घेतला म्हणून भांडले, हे विशेष. इतकी वर्षं पाटीवर इंजिनं काढली, आता पुढ्यात आलं तर दानत सुचली, असंही म्हणाले. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती खांबाला धरून उभी होती ना, सुनंदा, तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती." मग मी भांडण सोडलं. मीही त्या दिवशी त्याच हातांकडे बघत राहिले होते.

त्यानंतर रविवार जैनाबादचे झाले. हे घासलेट, पॉलिश पेपर आणि धार लावायचा तेलाचा दगड घेऊन जायचे आणि रूळ घासत बसायचे. रंभाबाईने पहिल्याच दिवशी चाकू स्वतःकडे घेतला आणि ते सगळं हळदकुंकू आपल्या हाताने खरवडून काढलं. पडलेला भुगा पदरात गोळा करून तापीत सोडून आली. पुसायचं कसं, तेल कितपत लावायचं, हे तिने यांना एकदा विचारलं आणि पुन्हा विचारावं लागलं नाही. मी जायचे ती नुसती बसायला. घरी एकटीने रविवार काढण्यापेक्षा तिच्या चुलीपाशी बसणं बरं वाटायचं. आमचं फारसं बोलणं व्हायचं नाही. ती देवरामबद्दल बोलायची नाही आणि मी अकोल्याबद्दल बोलायचे नाही. आम्ही दोघी कुठे तरी दुसरीकडे असायचो, हे एकमेकींना माहीत होतं आणि त्यामुळे सोबत वाटायची.

थंडी सरता सरता हे म्हणाले, आज चालवून बघू.

रंभाबाई आत भाकरी थापत होती. मी भरिताची वांगी सोलत होते. बाहेर फळी पायाखाली वाजू लागली, आधी चुकत चुकत, मग एका लयीत. मोठं चाक घुमायला लागलं. रंभाबाईचा हात परातीत तसाच थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला, पण आता तो बाहेरच्या लयीत थापत होता. तिला ते कळत नसावं.

"आता हत्यार लावतीन," ती म्हणाली. आणि खरंच, लोखंड कापल्याचा बारीक सूर आला. "पह्यलं साल काढलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता मापून पाहतीन." बाहेर लय संथ झाली. माझ्याशी बोलत नव्हती ती. तिचा चेहरा चुलीच्या उजेडात होता, आणि मी तिला इतके रविवार पाहत आले होते, पण ही बाई मी पाहिली नव्हती. तिचं वय कुठे तरी गळून पडलं होतं.

तिने मांडणीवरून काशाचं मोठं ताट काढलं. भाकरी मोडली, भरीत वाढलं, कांदा हाताने फोडून ठेवला. मग दाराकडे तोंड करून तिने हाक मारली.

"अहो, हात धुवा. भाकर निवते."

बाहेर फळी थांबली.

असली हाक मी आयुष्यात ऐकली नव्हती. मारली तर नव्हतीच. मी उठून उभी राहिले. रंभाबाई ताट हातात घेऊन उभी होती आणि कान देऊन ऐकत होती. ओसरीवरून पावलं येतील, आणि कुणाची येतील, हे आता क्षणभरात तिला समजणार होतं.

मी तिच्या आधी बाहेर गेले. हे हसतमुखाने रांजणाकडे निघाले होते. मनगटापर्यंत हात काळे झाले होते आणि एका तळहातावर लोखंडाचा चकचकीत गोल तुकडा होता, मला दाखवायला धरलेला.

"थांबू नका," मी म्हणाले. "चालवा."

"अगं, झालं काम. आणि त्यांनी जेवायला बोलावलंय."

"तुम्हाला नाही बोलावलं."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पुष्कळ गोष्टी यांच्या उशिरा ध्यानात येतात, ही आली. ते मागे फिरले, लेथपाशी उभे राहिले आणि डावा पाय फळीवर ठेवला. चकात काहीही नव्हतं. नुसतं चाक फिरत होतं.

मी आत आले तेव्हा रंभाबाई ताटाजवळ बसली होती.

"कामात असले म्हंजे हाक ऐकू येत नाही त्याइले," ती म्हणाली, आणि तिने त्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.